कर्णबधिर मूल वर्गात आलं की: नागपूरच्या नव्या शिक्षकांसाठी

विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पटावर नावं चढवता चढवता कळतं की यंदा एका मुलाच्या कानाला मशीन आहे. किंवा मशीनही नाही, पण हाक मारली तर ते वळून बघत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, "बसवा पुढच्या बाकावर, घ्या जरा सांभाळून." तुमचं प्रशिक्षण तिथेच संपतं. हा लेख अशा शिक्षकासाठी आहे, मग शाळा महापालिकेची असो, जिल्हा परिषदेची असो की खासगी. विशेष शाळेत नुकतंच रुजू झालेल्यांनाही यातला बराच भाग कामाला येईल.

सुरुवातीलाच एक सवय मोडायची आहे: "समजलं का?" असं विचारायची. हा प्रश्न कर्णबधिर मुलाला ओठांवरून सहज ओळखता येतो, कारण दिवसभर त्याला तोच विचारला जातो. मान हलवली की मोठी माणसं खूश होतात आणि पुढे सरकतात, हेही त्याला फार लवकर कळलेलं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत: त्या हललेल्या मानेवर विसंबायचं नाही, मुलापर्यंत काय पोचलं ते आपल्या डोळ्यांना दिसेल अशी व्यवस्था लावायची.

पायरी १: आधी घरच्यांशी बोला, कागद नंतर

बहुतेक कर्णबधिर मुलांचे आई-वडील ऐकू येणारे असतात. त्यांच्या घराण्यात कुणी कर्णबधिर माणूस नसतो, त्यामुळे निदान झालं त्या दिवसापर्यंत त्यांनी या विषयाचा विचारही केलेला नसतो. शाळेत आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, पोरगं बोलंन ना जी?" खोटा दिलासा देऊ नका आणि तोडूनही टाकू नका. बोलणं किती येईल हे ऐकू किती येतं, मशीन कोणत्या वयात लागलं, रोज किती तास कानाला असतं आणि घरी त्याच्याशी किती संवाद होतो यावर ठरतं. खुणा शिकवल्या तर बोलणं खुंटतं ही भीती मात्र निराधार आहे, हे स्पष्ट सांगा. हातांनी भाषा मिळाली म्हणून मूल बोलायला शिकायचं थांबत नाही.

तुम्ही विचारायचं ते असं: ऐकू येत नाही हे केव्हा लक्षात आलं? जन्मापासून की एखाद्या आजारानंतर? याआधी थेरपी किंवा शाळा झाली का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात एकमेकांना कसं समजावता? प्रत्येक घरानं आपापल्या खुणा तयार केलेल्या असतात. आजीसाठी एक, दुधासाठी एक, "बाबा रागावतील" यासाठी एक. त्या वहीत लिहून घ्या, पहिले दोन आठवडे तेच तुमचं पाठ्यपुस्तक. घरी कोणती भाषा चालते तेही विचारा. नागपुरात घरात वऱ्हाडी, गल्लीत हिंदी आणि वर्गात पुस्तकी मराठी अशी तिहेरी मौज असते. कानानं ऐकणारं मूल ती मजेत पेलतं. ओठ बघणाऱ्या मुलाला "काहून", "क्यों" आणि "का" या तीन वेगवेगळ्या हालचाली दिसतात, आणि तिन्हींचा अर्थ एकच आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता कागद. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, आडव्या बाजूला आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये असते, उभ्या बाजूला तीव्रता डेसिबलमध्ये. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांना 70 डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास असेल तर कर्णबधिर, आणि 60 ते 70 असेल तर कमी ऐकू येणारे, अशी विभागणी आहे. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघालेलं नसेल तर पालकांना मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागाकडे पाठवा. पुढे परीक्षेत सवलत मागताना हाच कागद लागतो.

पण ऑडिओग्राम मुलाची भाषा सांगत नाही. एकाच आलेखाची दोन मुलं असू शकतात: एकाला वयाच्या दुसऱ्या वर्षापासून खुणा किंवा चांगलं ऐकणं मिळालंय, आणि दुसरं सातव्या वर्षी तुमच्यासमोर पहिल्यांदा भाषेला भेटतंय. दुसऱ्या मुलाला मंद समजणं ही शाळांमधली सर्रास चूक आहे. त्याची बुद्धी ठीक असते, भाषेविना गेलेली वर्षं भरून काढायची असतात.

पायरी २: वर्गखोली लावा

पहिला बाक हा मुख्याध्यापकांचा लाडका सल्ला, पण पहिल्या बाकावरून मुलाला फक्त तुम्ही दिसता. मागून कुणी उत्तर दिलं, सगळे का हसले, कुणाला शिक्षा झाली, हे काही कळत नाही. दुसऱ्या बाकावर कडेला, थोडं तिरपं बसवा, म्हणजे तुमचं तोंडही दिसेल आणि मान वळवून वर्गही. मुलं कमी असतील तर बाक अर्धगोलात मांडा. खिडकी मुलाच्या पाठीशी हवी, तुमच्या पाठीशी नको. उजेडाला पाठ करून उभ्या असलेल्या शिक्षकाचा चेहरा काळा दिसतो.

आवाजाबद्दल बोलायचं तर आपला खरा शत्रू कूलर. मार्च-एप्रिलमध्ये वर्गात कूलर घोंघावत असतो, वर पंखा. श्रवणयंत्र बोलणंही मोठं करतं आणि कूलरही. दोन मीटरच्या पुढे तुमचा आवाज त्या घोंघाटात विरतो. कूलर बंद करा म्हणणं नागपुरात अमानुष आहे, तेव्हा मुलाला कूलरपासून लांबच्या कोपऱ्यात बसवा आणि नवा मुद्दा सांगताना दोन मिनिटं तेवढा बंद ठेवा.

फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. पुस्तक तोंडासमोर धरू नका. आणि खर्रा तोंडात ठेवून शिकवणाऱ्या सरांचे ओठ जगातलं कुणीही वाचू शकत नाही. इतर कारणांनी सुटला नसेल तर या कारणानं सोडा.

ओष्ठवाचनावर फार भरवसा ठेवू नका, हेही इथेच सांगायला हवं. आरशासमोर आवाज न काढता "पान", "बाण", "मान" म्हणून बघा. तिन्ही सारखे दिसतात. क, ख, ग तर घशाशी तयार होतात, ओठांवर उमटतच नाहीत. मूल उरलेलं संदर्भावरून जुळवतं, आणि संदर्भ माहीत नसेल तर जुळवायला काही उरत नाही. म्हणून तासाच्या सुरुवातीला विषय आणि चार नवे शब्द फळ्यावर लिहा. सावकाश, पण नेहमीसारखं बोला. ओठ ताणून किंवा ओरडून बोललात तर शब्दाचा आकार बिघडतो.

पायरी ३: लक्ष वेधणं आणि थांबणं

हाक उपयोगाची नाही. नजरेच्या टप्प्यात हात हलवा, खांद्यावर हलकी टिचकी द्या, बाकावर थाप मारा, ती लाकडातून पोचते. सगळ्या वर्गाचं लक्ष हवं असेल तर दिवा एकदा बंद-चालू करा. खडू फेकून मारणं आणि हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवणं हे दोन्ही प्रकार आजही दिसतात. दोन्ही अपमानास्पद आहेत.

यापुढची गोष्ट छोटी आहे, पण अख्खं शिकवणं तिच्यावर उभं आहे. ऐकू येणारं मूल पुस्तकात बघत तुमचं ऐकू शकतं. कर्णबधिर मुलाचे डोळे एका वेळी एकच काम करतात. "आकृती बघा, हे हृदय, यातून रक्त…" असं तुम्ही म्हणालात की ते आकृती बघेपर्यंत तुमचं वाक्य गेलेलं असतं. तेव्हा आकृती दाखवा आणि गप्प बसा. त्याची नजर परत तुमच्याकडे आली की मग बोला. पहिले काही दिवस ही शांतता अवघड वाटते आणि बाकीचा वर्ग चुळबुळतो. नंतर लक्षात येतं की बाकीच्यांनाही त्या थांबण्याचा फायदा होतोय.

पायरी ४: मशीनची रोजची तपासणी

शाळेत आल्या आल्या दोन मिनिटं. कागदानं तोंड झाका आणि मुलाला आवाज ऐकून हात वर करायला किंवा मणी टाकायला सांगा: आ, ई, ऊ, म, श, स. डॅनियल लिंग यांनी सुचवलेली ही सहा आवाजांची चाचणी बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळं तपासते. कालपर्यंत "श" ऐकणारं मूल आज ऐकत नसेल तर बहुधा बॅटरी संपली आहे, नळीत घाम साचला आहे किंवा कानात मळ आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात घामानं मशीनं पटापट बिघडतात, पावसाळ्यात दमटपणानं. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायला घरच्यांना सांगा. मशीन शिट्टी मारत असेल तर बहुधा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, सैल झालाय. कान वाढतो, मोल्ड वाढत नाही, लहान मुलांना तो वरचेवर नवा करावा लागतो. बटणाएवढ्या बॅटऱ्या लहानांच्या हाती लागू देऊ नका, गिळल्या तर जिवावर बेततं.

कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानाच्या आत बसवलेलं यंत्र) असलेल्या मुलाबद्दल "आता झालं की नॉर्मल" असा समज असतो. बाहेरचा भाग काढला की ते मूल पूर्वीइतकंच कर्णबधिर असतं, आणि गोंगाटात तो भाग लावूनही त्याला धडपडावं लागतं.

पायरी ५: भारतीय सांकेतिक भाषा शिका, आणि कर्णबधिर माणसांकडून शिका

ही मराठीची हातांनी केलेली नक्कल नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे. काळ आधी येतो, प्रश्नाचा शब्द शेवटी, नकारही शेवटी. "तू उद्या कुठे जाणार?" हे साधारण "उद्या – तू – जाणं – कुठे" असं होतं. भुवया, मान आणि चेहरा हे व्याकरणाचाच भाग आहेत, त्यामुळे लाजत, निर्विकार चेहऱ्यानं केलेल्या खुणा एकसुरी आणि अर्धवट वाटतात. पात्रांना हवेत जागा नेमून द्यायची आणि मग नुसतं त्या जागेकडे बोट दाखवायचं, ही सोय तर मराठीत नाहीच. एकाच वेळी तोंडानं मराठी बोलत हातानं खुणा करायचा मोह होतो. करून बघा आणि स्वतःचा व्हिडिओ काढा. तोंड पुढे पळतं आणि हात निम्म्या खुणा गाळतात. समजावून सांगताना एका वेळी एकच भाषा वापरा.

दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशाची 2021 मधली आवृत्ती 10,000 शब्दांची आहे आणि व्हिडिओ फुकट बघता येतात. तेवढ्यावर थांबू नका. नागपूरचे वयस्क कर्णबधिर लोक काही खुणा वेगळ्या करतात, त्या चुकीच्या नाहीत. शंकरनगरची मूकबधिर शाळा शहरात सगळ्यांना ठाऊक आहे, तिथले माजी विद्यार्थी गावभर पसरलेले आहेत. केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संमिश्र प्रादेशिक केंद्रही नागपुरात आहे, तिथे चौकशी करा. एखाद्या कर्णबधिर ताई-दादाला महिन्यातून एकदा वर्गात बोलवा. आपल्यासारखं मोठं माणूस असतं, नोकरी करतं, संसार करतं, हे अनेक मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. काही मुलांची तर समजूत असते की मोठं झाल्यावर आपल्याला ऐकू यायला लागेल. 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, ती बातमी फोटोसकट वर्गात लावा.

कर्णबधिर मंडळींत गेलात की काही रीती दिसतील. नाव अक्षरांनी सांगायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येकाला खुणेचं नाव असतं: गालावरचा तीळ, कुरळे केस, एखादी लकब. ते आपणहून ठेवायचं नसतं, कर्णबधिर मंडळी देतात. मिळेपर्यंत थांबा. "तू जाड झालीस" हे तोंडावर सांगितलं जाईल. त्यात खोडसाळपणा नसतो, डोळ्यांनी चालणाऱ्या भाषेत दिसतं ते सांगतात. बोलताना नजर दुसरीकडे वळवणं म्हणजे कानात बोटं घालणं. दोघांच्या मधून जायचं असेल तर वाकून, माफी मागत रेंगाळू नका, सरळ निघून जा, रेंगाळण्यानंच संवाद तुटतो. टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून हलवणं. निरोप घ्यायला तासभर लागतो, आणि अंधार पडला तर मंडळी दिव्याच्या खांबाखाली सरकतात. सप्टेंबरची 23 तारीख हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो, ओळखी करून घ्यायला तो दिवस चांगला.

एवढं सगळं असूनही जुन्या शाळांमधून "हात खाली, तोंडानं बोल" का ऐकू येतं, याला इतिहास आहे. 1880 साली इटलीतल्या मिलान इथल्या शिक्षकांच्या परिषदेनं खुणा हद्दपार करून फक्त बोलण्यातून शिकवायचा ठराव केला. आपल्याकडे मुंबईत पहिली शाळा निघाली तीही त्याच दशकात, त्यामुळे ही पद्धत जन्मापासूनच सोबत आली. 1960 मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेला पूर्ण भाषेचं व्याकरण आहे हे दाखवल्यावर वारं फिरू लागलं. तरी त्या परिषदेनं मिलानचे ठराव औपचारिकपणे नाकारायला 2010 साल उजाडलं, तेही व्हँकुव्हरमध्ये. आज तीन वाटा दिसतात: फक्त ऐकणं-बोलणं, हाताशी येईल ते सगळं वापरणं, आणि द्विभाषिक पद्धत, म्हणजे सांकेतिक भाषेतून विषय समजावायचा आणि मराठी लिहायला-वाचायला शिकवायची. लवकर मशीन किंवा कॉक्लिअर लागलेली काही मुलं पहिल्या वाटेनं छान जातात. पण वर्गात आलेलं मूल त्यांपैकी आहे का हे कळेपर्यंत वर्षं वाया घालवण्यापेक्षा दोन्ही भाषा द्याव्यात, असं माझं मत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही भारतीय सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे, त्यामुळे कुणी हटकलं तर तो दाखवता येतो.

पायरी ६: लिहिण्या-वाचण्याची मराठी

इथे सर्वांत जास्त वेळ जाणार आहे. "मांजरानं कुत्र्याला पळवलं" आणि "मांजराला कुत्र्यानं पळवलं" ही दोन वाक्यं कर्णबधिर मुलासमोर ठेवा. बरीच मुलं दोन्हींचं एकच चित्र काढतील. त्यांनी मांजर, कुत्रा आणि पळणं वाचलं, आणि अनुभवावरून ठरवलं की कुत्राच पळवत असणार. ने, ला, चा, हून हे प्रत्यय ओठांवर दिसत नाहीत, मशीनमधून पुसट येतात आणि सांकेतिक भाषेत त्या रूपात नाहीत. म्हणून ते डोळ्यांना दिसतील असे शिकवा. "ने" एका रंगात, "ला" दुसऱ्या. दोन मुलांना उभं करून वाक्य करून दाखवायला लावा, प्रत्यय बदला आणि पुन्हा करून दाखवायला लावा. गणिताच्या शाब्दिक उदाहरणांतही हेच अडतं. "रमेशनं सुरेशला पाच गोट्या दिल्या" यात कुणाच्या कमी झाल्या हे "ने-ला" वरच ठरतं. गणित येत नाही असा शेरा मारण्याआधी तेच उदाहरण करून दाखवा.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. ऐकू येणारी मुलं अर्धं जग न शिकवता शिकतात: आई-बाबांची पैशांवरून चाललेली कुजबुज, शेजारणीच्या गप्पा, टीव्ही. कर्णबधिर मुलाला आत्या आणि मावशी यांतला फरक, स्वतःचा पत्ता, किंवा घरी एवढे लोक का जमले होते, हे माहीत नसू शकतं. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा ते गर्दीत बाबांच्या खांद्यावर असतं. "इडा, पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणणारी शेकडो तोंडं त्याला दिसतात. तो पुतळा कोण आणि तो जाळतात का, हे कुणीच सांगत नाही.

नेमका तोच धडा घ्या. दुसऱ्या दिवशी मोबाईलमधले फोटो दाखवा. आधी खुणांनी, अभिनयानं, चित्रानं गप्पा होऊ द्या: काय पाहिलं, भीती वाटली का, त्या बाईला जाळलं का? मारबतीसोबत रोगराई निघून जावी अशी लोकांची भावना असते, हे त्याच्या भाषेत सांगा. मग मुलानं जे सांगितलं तेच तुम्ही मराठीत चार वाक्यांत फळ्यावर लिहा. ती वाक्यं त्याच्या वहीत, फोटोखाली. पुढच्या आठवड्यात तीच वाचायला, शब्द सुटे करून पुन्हा जुळवायला. बालभारतीचा धडा यानंतर काढा. एनसीईआरटीच्या पुस्तकांचे सांकेतिक भाषेतले व्हिडिओ दीक्षा या सरकारी संकेतस्थळावर आहेत आणि पीएम ई-विद्या या शैक्षणिक टीव्ही वाहिन्यांपैकी 31 क्रमांकाची वाहिनी 2024 च्या डिसेंबरपासून सांकेतिक भाषेसाठी आहे. ते बालभारतीच्या धड्यांशी जुळतीलच असं नाही, विज्ञान आणि भूगोलाच्या संकल्पनांना मात्र चांगले.

पायरी ७: "समजलं का?" ऐवजी काय

करायला सांगा: "आकृतीत कुठे ते दाखव." निवडायला द्या: "हे आधी झालं की ते?" मुद्दाम चूक करा आणि मूल हटकतं का बघा. शेजारच्या मुलाला समजावून सांगायला लावा, चित्र काढून घ्या. आणि "नाही कळलं" यासाठी एक खूण वर्गात ठरवा, जी सगळी मुलं वापरतील. ती तुम्ही स्वतःही वापरा, त्याच्या खुणा तुम्हाला कळल्या नाहीत तेव्हा. मूल बघत असतं.

पायरी ८: बाकीची मुलं

रोज परिपाठानंतर एक खूण. दिवाळीपर्यंत वर्ग मोडकं-तोडकं बोलायला लागतो, मुलं या बाबतीत आपल्यापेक्षा पटाईत. एक मदतनीस मित्र नेमलात तर दर आठवड्याला बदला, नाही तर तो त्याचा कायमचा दुभाषी होतो आणि स्वतःचा अभ्यास घालवतो. गटात एका वेळी एकानंच बोलायचं, आणि बोलण्याआधी हात वर करायचा, म्हणजे कुणाकडे बघायचं ते कळतं. टोपणनावं आणि नकला पहिल्याच दिवशी बंद.

पायरी ९: कागदपत्रं आणि परीक्षा

समग्र शिक्षाअंतर्गत विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत गट किंवा शहर साधन केंद्राला लेखी कळवा, तोंडी विनंतीची नोंद राहत नाही. दहावीला जादा वेळ आणि भाषा विषयांतली सूट अशा सवलती आहेत. मंडळाचं विभागीय कार्यालय नागपुरातच आहे, तरी प्रमाणपत्राची जुळवाजुळव नववीतच सुरू करा. मुक्त विद्यालयाच्या (एनआयओएस) माध्यमिक परीक्षेत 2021 पासून भारतीय सांकेतिक भाषा हा भाषा विषय म्हणून घेता येतो, काही मुलांना ती वाट सोयीची पडते. तुम्हालाच या कामात पुढे जायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला श्रवणदोष विषयातला डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षण करा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकांना बोलवा आणि तीन गोष्टी एकत्र तपासा. मुलाच्या वहीत त्यानं स्वतः सांगितलेली वाक्यं वाढली का? वर्गात त्याच्याशी आपणहून बोलणारी दोन तरी मुलं आहेत का? ते स्वतः प्रश्न विचारतं का? तिन्हींची उत्तरं "नाही" असतील तर पालकांना घेऊन एखाद्या विशेष शाळेत जा, अर्धा दिवस बसा, आणि मुलाला मधल्या सुट्टीत तिथल्या मुलांमध्ये सोडा. कुठे शिकायचं याबद्दल त्याचंही मत विचारा, आणि निर्णय मार्चच्या आत घ्या, कारण जूनमध्ये जागा उरत नाहीत.